टोकियोला कधी जायचं, हे कालनिर्णय बघून ठरवा

माझी धाकटी बहीण टोकियोच्या निशी-कासाईत राहायला गेली, तेव्हापासून भिवंडीच्या कामतघरात मी जपानचा जाणकार ठरलो आहे. वऱ्हाळा तलावाकाठी सकाळी फिरताना कुणी ना कुणी विचारतंच, "टोकियोला जायचं तर कधी जावं हो?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकतं, "चेरीची फुलं असतात तेव्हाच ना?"

मी म्हणतो, नाही. म्हणजे फुलं सुंदर असतातच, पण आपल्यासाठी तो मुहूर्त नव्हे. का ते नीट समजून घ्यायचं तर आधी तिथले ऋतू कसे चालतात ते बघावं लागेल आणि मग आपल्या सुट्ट्या त्यांच्याशेजारी ठेवाव्या लागतील. प्रवासाच्या पुस्तकात पहिला भाग मिळतो. दुसरा भाग आपल्या भिंतीवर टांगलेला असतो.

चेरीपासूनच सुरुवात करू. टोकियोत बहुतेक झाडं सोमेई-योशिनो या एकाच जातीची आणि तीही कलमांनी वाढवलेली, म्हणजे एकाच झाडाच्या जणू हजारो प्रती. म्हणून सगळी जवळपास एकाच वेळी फुलतात आणि एकाच वेळी झडतात. यासुकुनी देवळाच्या आवारात हवामान खात्याचं एक ठरलेलं झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की टोकियोत बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. सरासरी तारीख २४ मार्च, पूर्ण बहर ३१ मार्चच्या आसपास. पण सरासरीवर तिकीट काढता येत नाही. २०२१ आणि २०२३ मध्ये पहिली फुलं १४ मार्चलाच आली, २०२४ मध्ये थेट २९ मार्चला. पंधरा दिवसांचा फरक! पूर्ण बहर टिकतो जेमतेम आठवडाभर, त्यात एक वादळी सर आली की खेळ खलास.

तिथे एक ढोबळ हिशेब सांगतात, आणि मला तो फार आवडतो. १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानांची बेरीज करत जायची. ती ६०० अंशांवर पोचली की कळी फुटते. हिवाळ्यातल्या थंडीने कळीची झोप मोडते आणि मग ऊब साठत साठत जाऊन फूल उमलतं, असा त्यामागचा अर्थ. म्हणजे फुलाची तारीख फेब्रुवारी-मार्चचं ऊन ठरवतं, आणि आपल्याला तिकीट काढावं लागतं त्याच्याही दोन-तीन महिने आधी.

आता आपली बाजू बघा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. यंत्रमागवाल्यांचा मार्चअखेर, उधारीची वसुली, हिशेब. गंमत म्हणजे जपानचंही आर्थिक वर्ष आणि शाळेचं वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं. त्यामुळे मार्चच्या शेवटी तिथे बदल्या, घरं बदलणं, सामानाचे ट्रक अशी धांदल असते. ज्यांच्याकडे उतरायचं तेच घाईत. हॉटेलं सगळ्यांत महाग. त्यात फेब्रुवारी ते एप्रिल सुगी नावाच्या झाडांचा पराग हवेत असतो. युद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर या झाडांनी लावून टाकले, त्याची फळं आता अर्धं शहर मास्क लावून भोगतं. लूमच्या खात्यात सुताचं तूस नाकात जाऊन ज्यांना आयुष्यभर शिंका आल्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग उन्हाळा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. पंधरा ऑगस्टला जोडून दोन सुट्ट्या आल्या, तिकीट स्वस्त मिळालं, आणि आईला घेऊन निघालो. जपान म्हणजे थंड देश, अशी आमची समजूत. टोकियोचं ऑगस्टमधलं सरासरी कमाल तापमान ३१ अंशांच्या वर असतं, ३५ ओलांडणारे दिवसही आता सवयीचे झाले आहेत. आपल्याकडे ऑगस्टमध्ये ढग असतात, पाऊस असतो, म्हणून पारा तिशीच्या आसपास राहतो. म्हणजे भिवंडीचा ऑगस्ट सोडून आम्ही त्याहून गरम गावाला गेलो, तेही पायी फिरायला. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "इथे येऊन घामच गाळायचा होता तर घरी काय वाईट होतं?" त्यात तो ओबोनचा आठवडा. ओबोन म्हणजे साधारण आपला पितृपक्ष, पण सणाच्या थाटातला. पूर्वजांसाठी लोक गावी जातात. गाड्या भरलेल्या आणि गल्लीतली छोटी खानावळ नेमकी बंद.

ऑगस्टच्या आधी जूनमध्ये पाऊस. त्याला ते त्सुयू म्हणतात. टोकियोच्या भागात तो सरासरी ७ जूनच्या सुमारास लागतो आणि १९ जुलैच्या सुमारास संपतो. तारखा आपल्या पावसाच्या ओळखीच्या वाटतात, पण घडण वेगळी. उत्तरेकडची गार, दमट हवा आणि प्रशांत महासागरावरची गरम, दमट हवा एकमेकींना ढकलत राहतात. त्यांच्या सीमेवर ढगांचा पट्टा अडकून बसतो, कधी थोडा वर सरकतो, कधी खाली. महासागराकडची हवा जिंकली की पाऊस सरतो आणि तो जीवघेणा उन्हाळा सुरू होतो. आपल्यासारखा धो-धो नाही, भुरभुर आणि कुंद. ज्याने कामवारी नदीचा पूर पाहिला आहे त्याला तो पाऊस वाटायचाही नाही, पण फुजी पर्वत मात्र दिवसेंदिवस दिसत नाही.

खरा पाऊस पुढे असतो, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. टोकियोत सरासरीने सगळ्यांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो, दोन्ही महिन्यांत दोनशे मिलिमीटरांहून अधिक. उन्हाळा मागे हटताना तोच ढगांचा पट्टा परत येतो आणि वर चक्रीवादळं. १२ ऑक्टोबर २०१९ला हागिबिस वादळ आलं, तेव्हा रेल्वे कंपन्यांनी आदल्या दिवशीच जाहीर करून गाड्या बंद ठेवल्या, विमानं रद्द झाली. माझी बहीण राहते तो एदोगावा प्रभाग नद्यांच्या मुखाशी आहे. त्याची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. त्याच वर्षी प्रभागाने घरोघरी वाटलेल्या पुराच्या नकाशावर, मोठा पूर येणार असेल तर इथे थांबू नका, असं स्वतःच्याच रहिवाशांना सरळ बजावलं होतं. सरकारी कागदावर इतकी स्पष्ट भाषा मी आपल्याकडे पाहिलेली नाही.

या प्रभागाबद्दल जाता जाता थोडं. २००० सालाच्या संगणकी घोळाच्या निमित्ताने भारतीय अभियंते टोकियोत गेले, त्यातले बरेच निशी-कासाईत स्थिरावले, कारण तोझाई मार्गाची मेट्रो थेट कचेऱ्यांच्या भागात जाते. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. तोक्यो मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना जेवणाची काळजी नको. काळजी हवेची करा.

हवेचा हिशेब पुरा करायचा तर हिवाळा उरतो. सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्फ ओततात, मधले डोंगर ओलांडताना कोरडे होतात आणि टोकियोला लख्ख निळं आकाश मिळतं. कोकणात धुवांधार आणि सह्याद्रीपलीकडे माणदेश कोरडा, तसंच हे, फक्त पावसाच्या जागी बर्फ. म्हणून फुजी सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो डिसेंबर-जानेवारीत. पण जानेवारीच्या रात्री पारा एक-दोन अंशांवर उतरतो, डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो आणि नाताळाची आपली सुट्टी पुढे त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीला जाऊन भिडते. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी कितीतरी संग्रहालयं, दुकानं बंद. तरण्याताठ्यांनी ५ जानेवारीनंतर जावं, स्वस्त पडतं. आईवडिलांना नेऊ नये.

आता भिंतीवरचं कालनिर्णय काढा.

आपल्या दोन मोठ्या सुट्ट्या, मे आणि दिवाळी. मेमध्ये एकच अडथळा आहे, तो म्हणजे गोल्डन वीक. २९ एप्रिल, ३ मे, ४ मे, ५ मे या सरकारी सुट्ट्या एकापाठोपाठ येतात आणि अख्खा जपान घराबाहेर पडतो. यातली सुट्टी रविवारी आली तर भरपाई पुढे मिळते. २०२६ मध्ये ती ६ मेला आहे. हा आठवडा टाळायचा. तो संपला की गर्दी ओसरते, दर खाली येतात, आणि पाऊस लागायला अजून महिना असतो. साधारण ८ मे ते ५ जून. दिवसा २३-२४ अंश, रात्री पंधराच्या आसपास, सात वाजेपर्यंत उजेड. आपल्याकडे तेव्हा घामाच्या धारा, शाळा बंद, आणि लूमचे निम्मे कारागीर लग्नसराईसाठी उत्तर प्रदेशात नाहीतर तेलंगणात गावी गेलेले. मालकालाही याहून मोकळा वेळ दुसरा मिळत नाही.

आणि या दिवसांत बघायला काही नसतं असं समजू नका. मेच्या दुसऱ्या रविवारपासून र्योगोकूला सुमोच्या पंधरा दिवसांच्या कुस्त्या लागतात. गावच्या जत्रेतला फड ज्याने पाहिला आहे, त्याला त्या कळायला भाषा लागत नाही. तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास असाकुसाला सांजा मात्सुरी असते. देवाच्या पालख्या खांद्यावर घेऊन माणसं आरोळ्या ठोकत, पालखी हिंदकळवत निघतात. कोकणातला शिमगा आठवल्यावाचून राहत नाही.

यंत्रमागवाल्यांसाठी एक दिवस नागोयाला राखून ठेवा. बुलेट ट्रेनने पावणेदोन तासांच्या आत. तिथे टोयोटाचं उद्योग संग्रहालय आहे, कापडाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर. मोटारी नंतरच्या. साकिची टोयोडांचा १९२४चा स्वयंचलित माग, धागा तुटला की आपोआप थांबणारा आणि चालू असतानाच धोटा बदलणारा, तिथे चालवून दाखवतात. त्याचे हक्क पुढे १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. आपल्याकडे अजून कारागीर धागा तुटला का ते डोळ्यांनी बघतो, हे तिथे उभं राहिल्यावर जरा टोचतं. सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

दिवाळीचं गणित मात्र दरवर्षी बदलतं आणि ते सोडवायला पंचांगच लागतं. दिवाळी दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी घेते. लक्ष्मीपूजन २०२३ला १२ नोव्हेंबर, २०२४ला १ नोव्हेंबर, २०२५ला २१ ऑक्टोबर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ८ नोव्हेंबर. आता वरचा पाऊस आठवा. ऑक्टोबरातली दिवाळी म्हणजे सुट्टीची सुरुवात वादळांच्या शेपटात. नोव्हेंबरातली दिवाळी म्हणजे कोरडी हवा आणि रंगलेली पानं. ही पानं चेरीच्या उलट चालीने रंगतात. चेरी दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि पायथ्यापासून वर चढते. पानांचा रंग उत्तरेकडून आणि डोंगरमाथ्यावरून खाली उतरतो. निक्कोजवळचं चुझेन्जी सरोवर सुमारे १,२७० मीटरवर आहे, तिथे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रंग भरतो, खालच्या देवळांपाशी नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, आणि टोकियोतल्या गिंकोच्या झाडांच्या रांगा नोव्हेंबरअखेर पिवळ्याधमक होतात. म्हणून नियम सोपा: अधिक महिन्याच्या वर्षी दिवाळीत जा आणि असाकुसाहून दोन तासांवरचं निक्को आधी उरका. दिवाळी ऑक्टोबरात असेल त्या वर्षी फराळ घरी खा आणि मेची वाट बघा. फुलांसारखी पानांची घाईही नसते, रंग दोन-तीन आठवडे टिकतो.

मे की अधिक महिन्याच्या वर्षातली दिवाळी, असं विचाराल तर आईवडील बरोबर असतील तेव्हा मे.

एकच सूचना. मेमध्ये निघालात म्हणून बहिणीसाठी हापूसची पेटी उचलू नका. फळमाशीच्या धास्तीने भारतीय आंब्याला जपानात वर्षानुवर्षं बंदी होती. ती २००६ मध्ये उठली, पण गरम वाफेची प्रक्रिया आणि तपासणीचा दाखला असलेल्या मालापुरतीच. घरची पेटी विमानतळावर काढून घेतात. डबाबंद आमरस मात्र नेता येतो.