टेडीची वाचनालयातली रात्र

वाचनालय बंद होण्याच्या सुमारास मुले आपापला टेडी, ससा किंवा कापडी बाहुली कवटाळून येतात. गोष्टीच्या तासाला टेडी मांडीवर बसतो. गोष्ट संपली की मूल त्याला बालविभागातल्या सतरंजीवर झोपवते, पांघरूण घालते, शहाण्यासारखे राहायला बजावते आणि आईबाबांबरोबर घरी जाते. दारे बंद झाल्यावर ग्रंथपालांचे खरे काम सुरू होते. टेडीला कपाटावर चढवायचे, पुस्तकांच्या ढकलगाडीत बसवायचे, काउंटरवर तारखेचा शिक्का हातात देऊन उभे करायचे, दोन-तीन खेळण्यांपुढे एकच चित्रांचे पुस्तक उघडून ठेवायचे आणि प्रत्येक करामतीचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी मुलाला टेडीबरोबर हे फोटो मिळतात. शिवाय टेडीने रात्रीतून ‘निवडलेले’ एक पुस्तकही मिळते. अमेरिका आणि जपानमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांत हा कार्यक्रम चांगलाच रुळला आहे.

वरकरणी हा पोरखेळ वाटतो. पण त्याची सगळी मेख त्या पुस्तकात आहे. मोठ्यांनी ‘वाच’ म्हणून हातात कोंबलेले पुस्तक आणि आपल्या टेडीने पसंत केलेले पुस्तक यांत मुलाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो. टेडीला वाचता येत नाही, म्हणून ते त्याला वाचून दाखवणे ओघानेच येते. जपानी संशोधकांनी लहान मुलांवर याचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी जी मुले खेळण्यांना पुस्तक वाचून दाखवत नव्हती, ती या रात्रीनंतर दाखवू लागली. हा उत्साह काही दिवसांतच ओसरू लागला. मात्र त्या रात्रीची आठवण करून दिल्यावर तो पुन्हा जागा झाला. एका रात्रीत वाचनाची गोडी लागत नाही, ते फोटो घरात मुलांच्या नजरेसमोर राहायला हवेत, एवढा बोध पालकांनी यातून जरूर घ्यावा.

वाचताना अडखळणाऱ्या मुलाची अडचण वेगळी असते. वर्गात कोणी हसेल, बाई मध्येच चूक सुधारतील, या धास्तीने त्याचा आवाज फुटत नाही. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ साली यावर साधा उपाय निघाला : श्रोता म्हणून कुत्रा. हे कुत्रे प्रशिक्षित असतात आणि त्यांना सांभाळणारा माणूस सोबत असतो. मूल जमिनीवर बैठक मारते, कुत्रा शेजारी अंग टाकतो आणि वाचन सुरू होते. शब्द चुकला तरी तो हसत नाही, घाई करत नाही, कंटाळला तर फार तर डोळे मिटतो. तिथल्या ग्रंथालयात सुरू झालेला हा प्रयोग पुढे अनेक देशांत गेला.

मोठी माणसे ग्रंथालयाकडे पाठ फिरवतात, त्यामागे पुष्कळदा थकलेली भरपाई असते. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे द्यायचे राहतात, मग तोंड दाखवायची लाज वाटते आणि सभासद कायमचा तुटतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने मार्च २०२४ मध्ये अशा सभासदांना आवाहन केले, की मांजराचा फोटो दाखवा आणि भरपाईतून मोकळे व्हा. घरी मांजर नसेल तर चित्र काढून आणले तरी चालत होते; इतकेच काय, दुसऱ्या प्राण्याचे चित्रही स्वीकारले जात होते. महिनाभर ग्रंथालयात मांजरांच्या चित्रांची रीघ लागली आणि बंद पडलेली कार्डे पुन्हा सुरू झाली. नुसती ‘भरपाई माफ’ अशी पाटी लावूनही हिशेब मिटला असता; पण माफी मागायला येणाऱ्याची मान खालीच राहिली असती. मांजराने ती वर केली, हे या युक्तीचे मोठेपण.

डेन्मार्कने तर पुस्तकाच्या जागी माणूसच वाचायला दिला. २००० साली रोस्किल्ड इथल्या संगीत महोत्सवात ‘मानवी ग्रंथालय’ पहिल्यांदा भरले. ज्यांच्याविषयी समाजात पूर्वग्रह असतात अशी माणसे ‘पुस्तके’ होऊन बसतात, वाचक त्यांना थोड्या वेळासाठी ‘उसने’ घेतो आणि एरवी विचारायला जीभ रेटणार नाही ते विचारतो.

त्याच देशातल्या ऑर्हुस शहरात २०१५ मध्ये ‘डॉक वन’ हे भव्य ग्रंथालय उघडले. त्याच्या आत सुमारे तीन टन वजनाची, साडेसात मीटर लांबीची कांस्याची नळीसारखी घंटा टांगलेली आहे. शहरातल्या रुग्णालयात बाळ जन्मले, की आईबाबा तिथले बटण दाबतात आणि ग्रंथालयात घंटेचा टोल पडतो. कोणी अभ्यासात गढलेले असते, कोणी वर्तमानपत्रात. क्षणभर सगळ्यांची मान वर होते. आपल्याकडे जी बातमी पेढ्यांनी कळते, ती तिथे अख्ख्या वाचनकक्षाला कळते. या सगळ्या प्रकारांत सर्वांत सुंदर कल्पना हीच.

महाराष्ट्रातही अशी कल्पकता दिसली आहे. महाबळेश्वर तालुक्यातले स्ट्रॉबेरीचे भिलार मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तिथे ठरलेल्या घरांत, देवळात, शाळेत जाऊन कोणालाही फुकट वाचत बसता येते. पण हा उपक्रम शासनाचा आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांकडे, विशेषतः सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातल्यांकडे, एवढे बळ नसते आणि तीन टनांची घंटा तर दूरच. टेडीच्या रात्रीला मात्र एक खोली, एक मोबाइल आणि बालविभागातली वीस-पंचवीस पुस्तके पुरतात. येत्या दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयांनी ‘शांतता राखा’च्या पाटीशेजारी तशी एक तारीख लिहून पाहावी, आणि पालकांनी टेडीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून त्याला वेळेवर पोहोचवावे.