कागदावर उतरलेली रंगीत काच

मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात मोठी गोल खिडकी आहे. १८७४ साली बांधून झालेल्या या सभागृहातील त्या खिडकीच्या रंगीत काचांवर बारा राशींची चित्रे आहेत. अशा खिडक्यांत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात; मागून ऊन आले की रंग उजळतात.

पुसेगावच्या घरात तशी काच कोठून येणार? पण बटाटा, मेणाचे खडू आणि चमचाभर खोबरेल तेल यांवर मुलांचे काम भागते. मुंबईला कामावर गेलेल्या वडिलांसाठी शेजारची मुलगी असे कार्ड करू लागली, तेव्हा आम्हीही जवळ बसलो.

अर्ध्या बटाट्यावर पिंपळपान कोरावे. कडा व शिरा उंच ठेवाव्यात. कचेरीत आम्ही वापरतो तसल्या पॅडची काळी शाई लावून पातळ कागदावर ठसा उमटवावा. या काळ्या रेषा म्हणजेच शिशाच्या पट्ट्या. शाई पूर्ण वाळल्यावर प्रत्येक खणात एकेक रंग भरावा. रेषेवर चढू देऊ नये.

मग कागद पालथा करून कापसाने तेल लावावे. तेल तंतूंमधील हवेची जागा घेते, म्हणून उजेड आरपार येतो. मुलीच्या पहिल्या कार्डाच्या कडांनाही तेल लागले आणि डिंक धरेना. तेव्हा कडा कोरड्या ठेवाव्यात. कागद रात्रभर रद्दीत दाबून, जाड कार्डात कापलेल्या खिडकीमागे चिकटवावा.

दुसरे कार्ड साधले. खाली तिने लिहिले, 'बाबा, उजेडासमोर धरून बघा.'