स्टिकर झालेला चेहरा

चिडवाचिडवी आणि छळ

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एका मुलीच्या सहलीच्या फोटोतला चेहरा कापून स्टिकर बनवतं. अर्धवट मिटलेले डोळे, उघडं तोंड. दुपारी शाळेच्या ग्रुपवर, संध्याकाळी क्लासच्या, रात्री सोसायटीतल्या पोरांकडे. दुसऱ्याच्या फोनमध्ये सेव्ह झालेलं स्टिकर मूळ ग्रुपवरून काढून काय उपयोग? पूर्वीची चिडवाचिडवी शाळा सुटली की निदान सकाळपर्यंत तरी थांबायची.

बदलापूरचा ऑगस्ट

हातोहात पसरवण्याचा हा खेळ मुलांपुरताच नसतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, २० तारखेला संतप्त लोकांनी तासन्‌तास लोकल रोखल्या. त्या दिवसांत मोबाइलवर अफवांचं पीक आलं. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, फोटो, कुटुंब, शाळा, इतकंच काय, राहता परिसरही माध्यमांतून उघड करता येत नाही. ‘आमच्याच गल्लीतली’ हे कळवळ्याने टाकलेलं स्टेटससुद्धा त्या घराचा पत्ताच सांगत असतं.

फोन काढून घेऊ नका

आपल्याकडे पहिली शिक्षा फोनला होते. मग पोर पुढच्या वेळी काही सांगतच नाही. आधी ऐकून घ्या. ‘तू फोटो टाकलासच कशाला?’ हा प्रश्न गिळा.

ब्लॉक करण्याआधी नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. इन्स्टाग्रामवर असेल तर प्रोफाइलची लिंकही उतरवून ठेवा. मात्र अल्पवयीन मुलाचं अश्लील चित्र असेल तर ते जपून ठेवू नका आणि पुरावा म्हणून नातेवाइकांना तर मुळीच पाठवू नका; माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली तोही गुन्हा ठरू शकतो. लिंक टिपून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा.

तक्रार कुठे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरं ठाणे पोलिसांच्या परिमंडळ ४ मध्ये येतात. हद्दीवरून कुणी परत पाठवू लागलं तर ‘झिरो एफआयआर’ म्हणा. दखलपात्र गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांसंबंधीची काही प्रकरणं नाव न देताही कळवता येतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मूल जेवेनासं, झोपेनासं झालं तर मानसिक आरोग्याच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ लावा, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि अशा वेळी रात्री त्याला एकटं झोपवू नका.