बोलून लिहिणारी माणसं

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा काढून देणं, पीक विमा भरणं, दाखल्यांचे अर्ज, रेल्वेचं तिकीट अशी रोजची कामं. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेच्या अर्जांनी तर जेवायला फुरसत दिली नव्हती. याच दुकानात एक काम हळूहळू वाढत गेलंय आणि त्याचे पैसे घ्यावेत की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. ते काम म्हणजे तोंडाने बोलून फोनवर मराठी कसं लिहायचं ते दाखवणं.

बाहेरच्यांना वाटेल, यात शिकवायचं काय? पण गावाचा अर्धा व्यवहार आता व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चालतो, आणि तो लिहून चालतो. बचत गटाचा ग्रुप, शाळेतल्या पालकांचा, सोयाबीनवाल्यांचा, भावकीचा. पाणी कधी सुटणार, गटाची मीटिंग कुठल्या वारी, बाजार समितीत काय भाव निघाला, सगळं तिथे. ज्याला लिहिता येत नाही तो ग्रुपमध्ये असतो, पण नसल्यासारखा. अंगठा दाखवतो, फुलं पाठवतो, गप्प बसतो.

मग व्हॉइस मेसेज का पाठवत नाही, असं मला शहरातली भाची विचारते. पाठवतात की! पण तो ऐकतं कोण? तीन मिनिटांच्या मेसेजमधली दीड मिनिटं खाकरण्यात आणि कोंबडी हाकलण्यात जातात. नंतर त्यातली तारीख शोधायची झाली तर पुन्हा सगळा ऐका. लिहिलेलं मात्र एका नजरेत वाचून होतं, महिन्याभराने शोधलं तरी सापडतं, आणि 'असं बोललेच नव्हते' म्हणणाऱ्यापुढे ठेवता येतं. पैशाचा हिशेब असलेल्या गटात याला किंमत आहे.

आमच्या शेजारच्या मामी चौथी शिकलेल्या. अडखळत वाचतात, पण फोनवरची अक्षरं त्यांच्या बोटांना दबत नाहीत. 'क'ला काना लावायच्या आत पुढचं अक्षर विसरतं म्हणतात. बचत गटाच्या ग्रुपमध्ये त्या पहिल्यापासून आहेत, पण एक ओळ कधी टाकली नव्हती. मी त्यांच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा घातली आणि वरच्या कोपऱ्यातला माइक दाखवला.

"बोलू का वं आता?"

"बोला ना मामी. पण भांडल्यावानी नोका बोलू, सावकाश बोला."

त्या बोलल्या, "उद्या मिटिंगले मी येतो, पण हप्ता परवा देतो." फोनने 'मिटिंग' आणि 'ले' वेगळं केलं, बाकी जवळपास जसंच्या तसं लिहिलं. मामींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे त मीच बोलली!" लगेच गटाच्या अध्यक्षबाईंचं उत्तर आलं, हप्ता परवा चालेल म्हणून. मामींची इतक्या वर्षांतली ती पहिली लेखी सही, अंगठ्याशिवायची.

आता हे होतं कसं, ते मला समजलं तेवढं सांगते. आपण बोलतो तेव्हा हवेत लाट उठते. फोनचा माइक त्या लाटेची उंची सेकंदाला साधारण 16 हजार वेळा मोजतो. जुन्या लँडलाइनच्या आवाजात हेच मोजमाप 8 हजारांचं असायचं. मग त्या आकड्यांचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे बारीक तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यात कुठला ध्वनी असावा याचा अंदाज बांधला जातो. नुसत्या ध्वनीवर भागत नाही. 'पाऊस' म्हटल्यावर पुढे 'पडला' येण्याची शक्यता 'पाडवा' येण्यापेक्षा जास्त, हेही यंत्राने लाखो वाक्यांवरून शिकलेलं असतं. म्हणजे ते निम्मं ऐकतं आणि निम्मं ओळखतं. आमच्याकडची म्हातारी माणसं कमी ऐकू आलं की हेच करतात.

या विद्येचं वय बरंच आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 1952 साली 'ऑड्री' नावाचं यंत्र बनलं. ते फक्त शून्य ते नऊ आकडे ओळखायचं, तेही एखाद्या माणसाच्या आवाजाशी जुळवून घेतल्यावर. मराठीची पाळी यायला पुढे पासष्ट वर्षं गेली. ऑगस्ट 2017 मध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत एकदम तीस भाषा वाढवल्या, त्यांत मराठीसह आठ भारतीय भाषा होत्या. पुढच्या वर्षी गूगलचा असिस्टंटही मराठी बोलायला लागला. तेव्हापासून अमक्याला फोन लाव, तमक्याला मेसेज पाठव, हे मराठीत सांगायची सोय झाली.

त्याच्या आधी काहीच नव्हतं असं मात्र नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी शेतमालाच्या भावासाठी बोलती फोनसेवा बनवण्याचं काम केलं होतं. सहा भारतीय भाषांचा तो प्रकल्प, मराठीची बाजू यांच्याकडे. शेतकऱ्याने साध्या फोनवरून जिल्हा, बाजार आणि पिकाचं नाव बोलायचं, यंत्राने भाव वाचून दाखवायचा. त्यासाठी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज मुद्दाम गोळा केले होते. छत्तीसगडात 2010 साली 'सीजीनेट स्वरा' सुरू झालं. आदिवासी भागातली माणसं मिसकॉल देऊन आपली तक्रार बोलून ठेवत आणि पलीकडे बसलेली माणसं ती ऐकून, तपासून, लिहून सगळ्यांसमोर मांडत. आज मामींचा माइक जे करतो, ते तिथे माणसं करत होती. मला वाटतं, ते जास्त चांगलं करत होती, कारण तक्रारीत काही चुकलं तर ती उलट फोन करून विचारू शकत.

नुसत्या अक्षरांच्या जोरावर माणसं एकत्र राहू शकतात, हा शोधही व्हॉट्सअॅपचा नाही. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात 1978 साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. त्यात चित्र एकही नाही. 'उत्तरेला जा' असं टाइप केलं की पडद्यावर पुढच्या जागेचं वर्णन उमटायचं, आणि तिथे आधीच आलेल्या माणसांशी लिहून बोलता यायचं. 1990 साली पावेल कर्टिस यांनी कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 'लॅम्डामू' उभं केलं. (माझ्या दुकानातल्या यंत्राला गाव ज्या कंपनीच्या नावाने ओळखतं, तीच ही झेरॉक्स.) तो एक लेखी वाडा होता, खोल्या, अंगण, भांडणं, पंचायती, सगळं शब्दांत. असल्या लेखी जगांमध्ये अंध माणसं आजही आवडीने जातात, कारण पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन असलं की त्यांना तिथे कशाचीच उणीव भासत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये ते साधन 'टॉकबॅक' नावाने मिळतं. माइक आणि टॉकबॅक दोन्ही चालू केले, की न बघणाऱ्यालाही ग्रुपवर बरोबरीने लिहिता-ऐकता येतं.

लेखी जगात आणखी एक गोष्ट होते आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मामींचा मेसेज आणि गुरुजींचा मेसेज दिसायला सारखेच. वेलांट्या बऱ्यापैकी जागेवर, जोडाक्षरं नीट. मी बारावीपर्यंत शिकले, तरी 'आशीर्वाद' लिहिताना थबकते. मामी तो बोलतात आणि बरोबर उमटतो. अक्षरावरून माणसाची इयत्ता ओळखायची आपली जुनी खोड आहे. ती इथे चालत नाही.

फजिती व्हायची ती बोलीने आणि नावांनी होते. आमच्याकडे जुनी माणसं 'ळ'चा 'य' करतात. डोळा डोया होतो, काळा काया. फोनला हे मराठी ठाऊक नाही, तो त्या आवाजाजवळचा भलताच शब्द शोधून लिहितो. जऊळक्याचं 'जवळ का' होतं. बाहेरगावच्या एका ताईंनी तो मेसेज वाचून 'किती जवळ?' असं विचारलं होतं. आमचा तालुका मालेगाव. हवामान विचारलं की फोन बिनधास्त नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा पाऊस सांगतो. ते गाव मोठं, त्याचं नाव घेणारी माणसं जास्त, म्हणून यंत्राचा कल तिकडे. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला तरी फोनचा रस्ता बदलला नाही. 'वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव' असं पूर्ण बोललं तर काम होतं.

हसण्यावारी न्यायची नाही अशी चूक आकड्यांची. 'सात' आणि 'साठ' यांत फोन गोंधळतो. सोयाबीनवर चक्रीभुंगा पडला, कुणी पंपाला किती औषध घालायचं ते ग्रुपवर बोलून टाकलं आणि सात मिलीचं साठ मिली झालं, तर वाचणारा तसंच फवारेल. म्हणून माझ्या दुकानात मी एकच नियम सांगते : आकडा असेल तर पाठवायच्या आधी वाचायचा, वाचता येत नसेल तर घरातल्या पोराला दाखवायचा. आणि औषधाचं विचारायचं असेल तर ग्रुप सोडून सरळ किसान कॉल सेंटरला, 1800-180-1551 वर फोन करायचा. ही सेवा 2004 पासून आहे, फुकट आहे आणि तिथे माणूस मराठीत बोलतो.

दुसरं, आवाज बहुतेक वेळा फोनमध्येच राहत नाही. तो इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकावर जातो आणि अक्षरं होऊन परत येतो. रेंज गेली की माइक मुका होतो तो त्यामुळेच. तेव्हा ओटीपी, एटीएमचा पिन, आधार नंबर माइकवर बोलायचे नाहीत. बसस्टँडवर उभं राहून तर नाहीच. शेजारच्याचे कान यंत्रापेक्षा तीक्ष्ण असतात.

यंत्राला आमची बोली यायची तर त्याला आमचे आवाज ऐकवावे लागतील, एवढं साधं आहे. यंत्रांना भारतीय भाषा याव्यात म्हणून केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. मद्रास आयआयटीतल्या 'एआयफॉरभारत' गटाने जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून बावीस भाषांतले आवाज गोळा केले. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'वर कुणालाही आपल्या आवाजात मराठी वाक्यं वाचून देता येतात. पण तिथे वाचायला येतात ती प्रमाण मराठीतली वाक्यं. 'काय करून राहिली वं' असं वाक्य कुणी वाचायला दिल्याशिवाय यंत्राला ते कळणार कसं? पुण्या-मुंबईच्या मराठीवर पोसलेलं यंत्र वऱ्हाडात येऊन अडखळतं आणि चूक बोलणाऱ्याची ठरते, हे मला पटत नाही.

तोवर ग्रुपच्या अॅडमिन मंडळींना एक विनंती. ग्रुपवर एखादा मेसेज विचित्र आला, शब्द तुटलेले, नाव भलतंच, पूर्णविरामाचा पत्ता नाही, तर हसण्याचे चेहरे पाठवू नका आणि तो काढूनही टाकू नका. मोठ्याने वाचून बघा. दहापैकी नऊ वेळा कानाला लगेच कळतं काय म्हणायचं होतं ते. आणि उत्तर द्या, त्या माणसाचं नाव घेऊन.