हिशेब घरातला, गणित शाळेतलं

‘आमच्या छोटीला शंभरपर्यंत येतं,’ असं पालक कौतुकाने सांगतात. कौतुक जरूर करावं, पण अंक पाठ म्हणणं म्हणजे मोजता येणं नव्हे. दहापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाकडे चार चिंचोके मागा. पुष्कळदा ते मूठभर देतं. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे उमगायला वेळ लागतो. वस्तू हातात घेऊन मोजण्याची सवय त्यासाठी हवी.

‘गरिबाच्या घरात गणित कुठून येणार?’ हा समज तर साफ चुकीचा. भाकरी वाटताना, सुटे पैसे मोजताना, हंडे भरताना तिथे रोज हिशेब चालतो. 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं वजन, दर आणि परतीचे पैसे तोंडी, बिनचूक काढत होती. पण शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी वजाबाकी-भागाकाराची उदाहरणं त्यांतल्या अनेकांना जमली नाहीत. उलट, फक्त शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. मुलांची बुद्धी इथे कमी पडलेली नाही. एकीकडचं ज्ञान आपोआप दुसरीकडे जात नाही, एवढाच याचा अर्थ.

मग ‘खेळवलं की झालं’ हेही पुरेसं नाही. ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या दिल्लीतल्या बालवाड्यांत संख्या आणि आकारांचे खेळ घेतले गेले. मुलांची संख्येची जाण वाढली, वर्षभरानंतरही टिकली. पहिलीच्या गणितात मात्र फायदा दिसला नाही. खेळाला लिहिलेल्या अंकाची जोड हवी. अमेरिकेत सीग्लर आणि रमाणी या संशोधकांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना 1 ते 10 अंकांच्या सरळ पट्टीवर सोंगटी चालवायला दिली, प्रत्येक घराचा अंक मोठ्याने म्हणत. दोन आठवड्यांत मिळून तासभर खेळ झाला आणि मुलांची अंकांची समज सुधारली. नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्यांची सुधारली नाही.

‘आई शिकलेली नाही, ती काय शिकवणार?’ हाही तसाच समज. शिकवायला महागडी साधनं लागत नाहीत: महाराष्ट्रातल्या बोर्डी गावात 1945 पासून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्याच साध्या वस्तू घेऊन गरीब वस्तीतल्या मुलांचं शिक्षण उभं केलं. आईला मोजता येतं, तेवढं भांडवल सुरुवातीला पुरतं. अंगणवाडीताईंनी मातांच्या बैठकीत एवढंच सांगावं: खडूने जमिनीवर दहा घरं आखा, थोरल्या भावंडाकडून त्यांत अंक लिहून घ्या आणि धाकट्याला रोज थोडा वेळ त्यावर खेळवा.