तळे सर्वांचे, गाळही सर्वांनी काढावा

तारापूर एमआयडीसीत पाळी करणाऱ्या आमच्या बांधवांची मुले आज पालघर-बोईसरला आयटीआय, डिप्लोमा, संगणकाची पदवी घेत आहेत. फी भरताना ओढाताण होते, तरी शिक्षण थांबत नाही. या मुलांना आम्ही आज मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ओपन सोर्सची ओळख करून देत आहोत.

पुष्कळशा सॉफ्टवेअरचा कोड कंपन्या कुलुपात ठेवतात. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड मात्र कोणीही वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ही चळवळ सुरू केली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे ठेवले. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते तहानेसाठी नव्हे, हक्कासाठी. ज्ञानाच्या या नव्या तळ्यावर हक्क सांगायचा, तर गाळ काढायलाही उतरले पाहिजे.

सुरुवात कोडपासूनच हवी असे नाही. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत मिळतात, कारण कोणीतरी बसून एकेक शब्द मराठीत आणला. आपल्या आईला न कळणारा शब्द दिसला, तर सोपा शब्द सुचवा. चूक सापडली, तर ती कोणत्या पायरीला येते ते नेमके लिहून कळवा. कोड येत असेल, तर आपल्या प्रतीत दुरुस्ती करून पाठवा. जाणकार ती तपासून घेतात किंवा परत पाठवतात. परत आली म्हणून खचू नका.

‘फुकट का राबायचे?’ असे कंत्राटी कामगाराच्या घरात कोणी विचारले, तर ते रास्तच आहे. मोठ्या कंपन्याही या सॉफ्टवेअरवर पैसा मिळवतात. म्हणून अभ्यास किंवा नोकरी बुडवू नका. आठवड्याला दोन तास पुरेत. या कामासाठी कोणी फी मागितली तर देऊ नका. पण एक फरक लक्षात घ्या. कारखान्याचा माल फाटकाबाहेर गेला की कामगाराचे नाव उरत नाही. इथे स्वीकारलेली दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाने नोंदली जाते. ज्याच्या पाठीशी कोणा साहेबाची ओळख नाही, त्याला ती मुलाखतीत दाखवता येते.

रविवारी वंदनेनंतर विहारात एका जुन्या संगणकाभोवती चार मुलेमुली बसली, तरी आरंभ होईल. यंत्राने कोणती मराठी बोलावी, हे आपल्या मुलांना वगळून ठरू नये. जय भीम!