‘प्रमाणपत्र विश्वसनीय नाही’ म्हणजे काय?

संगणकावर ईमेल उतरवून घेताना कधी कधी एक चौकट पुढे येते : ‘या सर्व्हरचे प्रमाणपत्र विश्वसनीय नाही. पुढे जावयाचे काय?’ पुष्कळ जण ती न वाचताच ‘होय’ म्हणून मोकळे होतात. तसे का करू नये, एवढेच आज सांगावयाचे आहे.

टपाल हाती देण्यापूर्वी सर्व्हर आपणांकडे पासवर्ड मागतो. पण मागणारा तो खरोखर आपलाच सर्व्हर, हे कशावरून? त्याची खूण म्हणून तो आधी आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर त्याचे नाव, मुदत आणि ते देणाऱ्या संस्थेची सही असते. विश्वासाच्या संस्थांची यादी आपल्या यंत्रात अगोदरच भरलेली असते. या तिहींपैकी एखादी गोष्ट जुळली नाही की इशारा येतो. तेव्हा प्रथम पाहावयाचे ते हे, की नेमके काय जुळत नाही.

आरंभ संगणकाच्या घड्याळापासून करावा. आतला सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि चांगले प्रमाणपत्रही ‘अद्याप लागू नाही’ असे ठरते. तारीख बरोबर असून मुदत उलटली असेल, तर दोष सेवा देणाऱ्याचा; त्यास कळवावे. नाव जुळत नसेल, तर सेटिंगमधील सर्व्हरचे नाव तपासावे. तेथे आपण आपल्या डोमेनचे नाव घातलेले असते, प्रमाणपत्र मात्र सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावाचे असते. कंपनीने कळविलेले नाव घातले की काम भागते. सही अनोळखी असेल, तर यंत्रातील यादी जुनी असण्याचा संभव असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अनेक जुन्या यंत्रांवर असेच इशारे आले होते. कधी अँटिव्हायरसच मध्ये बसून स्वतःची सही पुढे करतो.

यांपैकी काहीच नसेल, तर मात्र थांबावे. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र तयार झाले, आणि इराणातील लोकांचे जीमेल चोरून वाचण्यासाठी ते वापरले गेले. हे उघडकीस आले ते तेथील एका सामान्य माणसामुळे. क्रोम ब्राउझरने दिलेला इशारा त्याने नजरेआड न करता जाहीरपणे विचारला. त्यानंतर ब्राउझरांनी त्या संस्थेवरील विश्वास काढून घेतला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये तिचे दिवाळे वाजले.

म्हणून फुकटच्या वायफायवर असा इशारा आला, तर ‘नाही’ म्हणावे, घरच्या जोडणीवरून पुन्हा पाहावे, आणि शंका उरल्यास सेवा देणाऱ्यास फोन करावा. पूर्वी ‘होय’ म्हटले असेल, तर साठवलेली ती परवानगी काढून टाकावी आणि पासवर्ड बदलावा. टपाल तासभर उशिरा मिळाले तर फारसे बिघडत नाही; पासवर्ड परक्याच्या हाती गेला, तर त्याबरोबर सारी टपालपेटीच जाते.